डोळे मिटून घेतलेले शंभर दाणे

सुमन,

तू गेल्यापासून झरीच्या घरी जो आला तो एकच वाक्य बोलून उठला. "ताईनं कधी कण्हलं न्हाई." सरपंच तेच म्हणाले, किराणावाला तेच म्हणाला, तुला आयुष्यात जेमतेम दोनदा पाहिलेले तुझ्या वहिनीच्या माहेरचे पाहुणेही तेच म्हणाले. माझा स्वभाव तुला माहीत आहे. पतसंस्थांचे हिशेब तपासण्यात माझा जन्म चालला आहे. वेगवेगळ्या महिन्यांच्या पावत्या एकाच पेनानं आणि एकाच हातानं लिहिलेल्या दिसल्या की मी चष्मा काढून पुसतो. हे वाक्य ऐकून मला तसंच झालं. सत्तावीस वर्षं संधिवात अंगावर काढलेली बाई एकदाही कण्हली नाही, हे मला पटत नाही. कुणीतरी काहीतरी लपवलं आहे, आणि ते कुणीतरी बहुतेक तूच आहेस.

गेलेल्या माणसाची उलटतपासणी करू नये, असं तुझी वहिनी म्हणते. मीही केली नसती. पण प्रश्न माझ्या ऋतुजाचा आहे. दिवाळीनंतर तिची बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. मी तुझं नाव सांगितलं. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं रोज पहाटे मैदानावर धावणारी, मैत्रिणींच्या आधी गोळा उचलणारी ही पोरगी आता सकाळी पलंगावर बसून तळहात उघडायची वाट बघते. भरतीचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. तिचे धावायचे बूट मात्र अजून दाराशीच आहेत, आणि ते उचलायची हिंमत तिच्या आईलाही होत नाही.

तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी ओसरीत बसून तिनं मला विचारलं, "बाबा, आत्या खरंच मजेत होती, का आपल्यापुरतं तसं म्हणायची?"

मी म्हणालो, सांगतो. सांगितलं मात्र नाही. ज्या गोष्टीची खात्री नाही ती मी परक्यालाही सांगत नाही, ही तर माझी मुलगी. माझ्या उत्तरावर ती पुढचं आयुष्य मांडणार. "आत्या बघ कशी हसत जगली" असं मी म्हणायचं आणि ते खोटं निघायचं, म्हणजे मी तिला कच्च्या पायावर घर बांधायला लावल्यासारखं होईल. म्हणून मी सगळं पहिल्यापासून तपासायला बसलो. तुझ्याशी बोलल्याशिवाय ते होत नाही.

तू कृषीची पदवी घेत होतीस तेव्हा एकदा मला ज्वारीच्या प्लॉटवर घेऊन गेलीस. तुला पैदासकार व्हायचं होतं. नवीन वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाला असं म्हणतात, हे मला माहीत नव्हतं, आणि तो शब्द ऐकून मी हसलो होतो. "हसायलास काय? आधी बघ तर," असं म्हणून तू एक कणीस हलकेच वाकवलंस आणि सुई काढलीस. ज्वारीच्या एकेका फुलात तीन पुंकेसर, ते फुटायच्या आत सुईच्या टोकानं काढायचे, फुलाला इजा न करता. एक राहिला तरी संकर बिघडला. मग वर कागदी पिशवी चढवायची आणि फुलं उमलली की दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्यावर झटकायचे. मी तोंडानं मोजत होतो. तू न मोजता करत होतीस, आणि मध्येच माझ्याशी बोलतही होतीस. मला माणसांच्या कामाचं फारसं कौतुक वाटत नाही. त्या दिवशी वाटलं होतं. तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

पुढच्याच हंगामात ती सुई तुझ्या बोटांतून पडायला लागली. आधी तू घामाला दोष दिलास, मग झोपेला. नंतर निदान झालं, औषधं सुरू झाली, आणि एका दुपारी तू पेटी घेऊन झरीला परत आलीस. तेव्हा काय वाटलं ते तू कुणालाच सांगितलं नाहीस. आईला म्हणालीस, भूक लागली.

त्यानंतर आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. राणीसावरगावकडच्या एका शेतीशाळेत शिकवायची जागा निघाली होती. मी स्वतः जाऊन बोलून आलो होतो. तू म्हणालीस, खडू धरता येत नाही. मी म्हणालो, तोंडी शिकव, फळ्यावर पोरं लिहितील. तेव्हा तू जे बोललीस ते मला शब्दाला शब्द आठवतं.

"दादा, मला व्हायचं होतं ते मी झाले न्हाई. आता तुला बरं वाटावं म्हणून मास्तरीण होऊ का?"

त्यानंतर दोन वर्षं आपण कामापुरतं बोललो. तू ती जागा घ्यायला हवी होतीस, असं माझं आजही मत आहे. पगार, रजा, औषधपाणी, सगळं मिळालं असतं. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, हा माणूस मेल्यावरही पिच्छा सोडत नाही. नाहीच सोडणार.

मग तो सोयाबीनचा उन्हाळा आला. शेजारच्या माणिकरावांचं आदल्या साली बी उगवलंच नव्हतं, दुबार पेरणी करावी लागली होती. त्या साली घरचंच बी ठेवलं होतं आणि मनात धाकधूक होती. तू त्यांना गोणपाट धुऊन ओलं करून आणायला सांगितलंस. त्यावर दहा ओळींत दहा-दहा असे शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, सगळ्याची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. आठवडाभरात उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर नेहमीसारखं पेरा. त्याखाली आले तर त्या हिशेबानं बी वाढवा. साठच्याही खाली गेले तर मात्र दुसरं बघा. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. घरात अखेर कुणीतरी आकड्यात बोलत होतं.

माणिकरावांचे ब्याण्णव उगवले. ते खूश होऊन गेले, पेरलं, आणि रानात जागोजागी टकलं पडली. ते तक्रार घेऊन आले तेव्हा मी तिथेच होतो. तू एकच गोष्ट विचारलीस, शंभर दाणे घेतले कसे. ते अभिमानानं म्हणाले, एक-एक निवडून, टपोरे, पिवळेधमक.

"माणिकराव, बी तपासायलाव का सोयऱ्याला पोरगी दाखवायलाव?"

सगळी ओसरी हसली, माणिकरावही हसले. पण पुढच्या वर्षी आणखी तिघांनी तेच केलं. आपल्या लोकांची ही सवयच आहे. बाहेरच्या माणसाच्या हातात काही द्यायचं म्हटलं की चांगलं तेवढंच पुढं करायचं. तेव्हापासून तू नियम केलास. पोत्यात हात घालायचा, डोळे मिटायचे, मूठ भरायची, येईल ते घ्यायचं. फुटका, काळा, किडका, काहीही आला तरी टाकायचा नाही. तू समोर खुर्चीवर बसून लक्ष ठेवायचीस. "काका, डोळा किलकिला करायलाव," असं तू म्हणालीस की सत्तरीचा म्हातारा पोरासारखा लाजायचा. दाणे मांडायला तुझी बोटं चालत नव्हती, ते तुझ्याकडे कामाला असलेल्या सुगंधाबाई करायच्या. ओळ वाकडी झाली की तू काठीनं दाखवायचीस. चुडाव्यापर्यंतची माणसं पिशव्या घेऊन यायची. तू दिसायचीस मजेत. हेही मला नाकारता येत नाही.

आणि इथंच माझा संशय सुरू होतो. लोकांना डोळे मिटायला लावणारी तू, आम्हाला मात्र निवडून दाखवत होतीस की काय?

माझ्याकडे पुरावे आहेत. तू मला कधी सकाळी येऊ दिलं नाहीस. "अकराच्या आत येऊ नको, घरात पसारा राहतो." सकाळी फोन केला तर उचलायचा नाही, दुपारी तूच करायचीस. घरातल्या कड्यांना एकेक करून चिंध्यांचे फास लागले, बोट न वळवता हातानं ओढता यावेत असे. तुझ्या पोलक्यांची बटणं गेली आणि दाबून चिकटणाऱ्या पट्ट्या आल्या. पेले गेले, दांड्याचे मोठे कप आले. विचारलं की म्हणायचीस, बाजारात आता असलंच मिळतंय. असं कुठल्या बाजारात मिळतं ते मी शोधत बसलो नाही, पण ध्यानात ठेवलं. एकदा सरळच विचारलं, सुमन, तुला वाईट वाटत नाही का गं? तू म्हणालीस, "किती टक्के सांगू, दादा?" आणि सुगंधाबाईंना चहा टाकायला सांगितलंस. मी दाणे मोजणाऱ्या बाईकडून आकडा मागितला आणि तू मला चहा पाजलास.

ऋतुजाचं निदान झाल्यावर मी तिला घेऊन आलो, तेही दुपारीच. तू तिचे हात हातात घेतलेस, बोटं बघितलीस, चेष्टा केलीस, "आता आपली दोघींची पलटण," म्हणालीस. वहिनीला फार बरं वाटलं. ऋतुजा मात्र परत येताना परभणीपर्यंत गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. मला तेव्हा कारण कळलं नाही.

नंतर एप्रिलमध्ये तुझा फोन आला. तू म्हणालीस, "दादा, तिला एकदा सकाळी घेऊन ये. लवकर. सात वाजता."

मी विचारलं, सकाळी कशाला? सत्तावीस वर्षांत तू मला सकाळी बोलावलं नव्हतंस. तू म्हणालीस, ये तर खरं. रविवार ठरला. शुक्रवारी तुला ताप भरला, तो छातीत उतरला, आणि पुढचं सगळं परभणीच्या दवाखान्यात झालं. तिथं नळ्या होत्या, बोलणं नव्हतं. ते सात वाजता माझ्या डोक्यात तसंच अडकून बसलं.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. आम्ही तिघं घर आवरायला मागं राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मुद्दाम तुझ्या खोलीत जाऊन बसलो. पलंगाशेजारी एक रुंद पातेलं होतं, स्वयंपाकाच्या कामाचं नसलेलं. सुगंधाबाई झाडायला आल्या तेव्हा विचारलं, हे कशाला. त्या आधी म्हणाल्या, असंच. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, ताईनं सांगू नका म्हणलं व्हतं. मी त्यांना फोनचं सांगितलं, सात वाजताचं. त्या खाली बसल्या.

पातेलं गरम पाण्याचं. रोज सकाळी तू त्यात हात बुडवून बसायचीस, बोटं मोकळी होईपर्यंत. तोवर वेणी नाही, नळ नाही, पदर नाही. कधी रडायचीस. कधी शिव्या द्यायचीस, देवाला, डॉक्टरांना.

"तुमाला बी दिल्या, भाऊ. लय दिल्या. पर राग न्हाई धरायचा. दुपारी तुमची गाडी वाजली की दारात हुब्या ऱ्हायच्या."

मी राग धरला नाही. उलट, खरं सांगतो, मला बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणीतरी वेगळ्या हातानं लिहिलेली पावती माझ्यासमोर ठेवली होती.

मग त्यांनी वर्तमानपत्राची गोष्ट सांगितली. तुझ्या वर्गातली ती मैत्रीण, तुझ्या शेजारी उभी राहून सुई चालवायला शिकलेली, तिचा रब्बी ज्वारीचा वाण निघाला आणि फोटो छापून आला. सकाळी तू तो बघितलास आणि पेपर फाडायला गेलीस. बोटांनी फाटेना. तू सुगंधाबाईंना म्हणालीस, फाडा. त्यांना कळेना, नवा पेपर कशाला फाडायचा. तू ओरडलीस, तेव्हा त्यांनी फाडला. बारीक करा म्हणालीस, बारीक केला. तू पाण्यात हात घालून बघत होतीस.

"आन् दुपारी?" मी विचारलं.

"दुपारी दोघं आले ज्वारी कोणती पेरावी म्हणून. ताई म्हणल्या, नवा वाण आलाय, तोच घ्या. चांगला हाय. माझ्या मैत्रिणीचा हाय."

त्या दुपारी मी तिथं होतो, सुमन. ते वाक्य मी ऐकलं होतं, आणि मनात म्हटलंही होतं की ही आमच्यासमोर मोठेपणा करते आहे. आता मला पंचाईत पडली. सकाळी फाडलेला पेपर खरा धरला तर दुपारचा सल्ला खोटा कसा धरू? तू त्या शेतकऱ्यांना दुसरं काहीही सांगू शकली असतीस. कुणाला कळलं असतं? बियाण्याच्या बाबतीत तू खोटं बोलली नसतीस, एवढं मला शपथेवर सांगता येईल. म्हणजे दुपारही खरी होती. मूठ एकच होती, आम्ही अकरानंतरची तेवढी बघत होतो.

ऋतुजाला हे सांगायचं की नाही यावरून वहिनीचं आणि माझं वाजलं. ती म्हणाली, आधीच पोर खचली आहे, तिच्यासमोर सत्तावीस वर्षांच्या सकाळी कशाला मांडता? तिचं चुकत नव्हतं. मीही दिवसभर घरच आवरत राहिलो. पण तू सात वाजता बोलावलं होतंस. दुसरा कुठला अर्थ मला तरी त्यातून काढता येईना.

संध्याकाळी मी ऋतुजाला सगळं सांगितलं. पातेलं, रडणं, शिव्या, पेपर, ज्वारी. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. ती रडेल असं मला वाटलं होतं.

"म्हणजे आत्याला बी सकाळी असंच व्हायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं मीच कमी पडायलेय. आत्या हसती आन् मला हसायला येत न्हाई."

गाडीतली खिडकी मला तेव्हा कळली. तुझ्या हसण्यानं तिला धीर आला नव्हता, धाक बसला होता. तुलाही ते त्याच दुपारी कळलं असणार, तिचे हात तुझ्या हातात होते. मी गाडी चालवत होतो आणि तू फोन करायचं ठरवत होतीस.

दुसऱ्या दिवशी माणिकराव आले. हातात पिशवी, पण दारातच उभे. ताई तर गेल्या, म्हणाले, आता कुणाला दाखवावं. मी त्यांना बसा म्हणणार तोवर ऋतुजा बाहेर आली. सकाळचे दहा वाजले होते, तिचे हात अजून पुरते उघडले नव्हते. ती तुझ्या खुर्चीवर बसली नाही, पायरीवर बसली.

"काका, मूठ भरा. डोळे मिटून."

"मिटलेत की."

"डावा उघडाय."

सुगंधाबाईंनी तोंडाला पदर लावला. दाणे दोघींनी मिळून मांडले, अर्धे ऋतुजानं, हळूहळू, अंगठा आणि मधल्या बोटात धरून. आम्ही आठवडाभर झरीलाच राहिलो. मी रजा वाढवली, तिथूनच कागद तपासले. ऋतुजा भरतीचं काही बोलली नाही. ती पुढं काय करणार हे तिला माहीत नाही, मलाही नाही. लोक तिला आताच "ताईची गादी" म्हणायला लागले होते, ते मी बंद करायला लावलं. कुणाच्या गादीवर कुणाला बसवायची एवढी घाई कशाला? बूट परभणीत दाराशी आहेत ते तिथंच राहतील. उचलायचे तेव्हा तीच उचलेल.

गुंडाळी उघडली तेव्हा माणिकराव श्वास धरून बसले होते. ऋतुजानं मोजले, चौसष्ट. मी पुन्हा मोजले, त्रेसष्ट. एका दाण्यावरून आमचं अडलं. कोंब आला होता पण आखूड, वाकडा, टोकाला थोडा तपकिरी. मी म्हणालो, हा उगवलेल्यात धरता येणार नाही. ती म्हणाली, धरायचा. मी म्हणालो, नियम काय आहे? ती म्हणाली, आत्याला विचारा. तू असतीस तर कुणाची बाजू घेतली असतीस, हे मला खरोखरच माहीत नाही.

माणिकरावांचं तोंड उतरलं होतं. ते पिशवी उचलत म्हणाले, म्हणजे फेकून द्यावं आता हे बी, कामातून गेलं.

"फेकू नका काका," ऋतुजा म्हणाली. "चौसष्ट काय, त्रेसष्ट काय. बी वाढवायचं आन् पेरायचं."

किती वाढवायचं तो हिशेब मी त्यांना करून दिला. तेवढं तर मला येतं.

ज्या दाण्यावरून अडलं होतं तो मी खिशात टाकला आणि परभणीला आल्यावर गॅलरीतल्या कुंडीत लावला. वहिनी हसली. म्हणाली, एका दाण्याचाही तपास लावणार का? रोज ऋतुजा उठते त्या वेळी, ती पाण्यात हात घालून बसलेली असते तेव्हा, मी कुंडीला पाणी घालतो. आज माती एका जागी जराशी उचललेली दिसते आहे. ऋतुजा म्हणते, आला.

मी अजून धरलेला नाही, सुमन. पण पाणी घालतो आहे.